गडावर पायी निघण्याआधी

रामनवमी जवळ आली की खानदेशातली माणसे सप्तशृंगी गडाच्या वाटेला लागतात. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते. वणीची देवी आपल्या कित्येक घरांची कुलदेवता. जळगाव-धुळ्याकडून घरेच्या घरे पायी निघतात. दुपारी झाडाखाली मुक्काम, रात्री उघड्यावर झोप. पोरांना तर मोठी मौज वाटते. पण महिना चैत्राचा आणि ऊन खानदेशचे. पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. म्हणून तयारीला आठ दिवस आधी लागावे. आता आपल्याला लिहिता येते. तेव्हा वही घेऊन बसा.

पहिल्या पानावर वाटेचा हिशोब मांडा. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी आणि मग घाट चढून गड. ही वाट सुमारे १५० किलोमीटर धरा. बरोबर बायका-पोरे असली तर दिवसाला २५ किलोमीटर पुरे झाले. म्हणजे सहा दिवस लागले. जळगावकरांनी आणखी ९० किलोमीटर, म्हणजे चार दिवस जास्त धरावेत. गडावर ज्या दिवशी पोचायचे, तिथून मागे मोजत या. निघायचा दिवस आपोआप मिळतो. काही जण दोन दिवस वाचवायला भर दुपारी चालतात. आम्हाला हे बिलकूल पसंत नाही. पहाटे चारला निघावे, नऊ-साडेनऊला सावली धरावी. ऊन उतरल्यावर पुन्हा दोन तास चालावे. दुपार झोपेत घालवली तर देवी काही रागावत नाही.

आता पाण्याचे बघू. उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला निदान ५ लिटर पाणी प्यायला लागते. घरची माणसे आठ, तर ४० लिटर झाले. म्हणजे २० लिटरचे दोन जार. हे ओझे डोक्यावर नेता येत नाही. म्हणून चार घरांनी मिळून एक छोटा टेम्पो करावा. वाटेत गावोगावी लोक पाणी देतात, सरबत देतात, जेवायलाही घालतात. त्यांचे भले होवो. पण त्यांच्या भरवशावर रिकामा जार घेऊन निघू नये. तहान लागण्याची वाट न बघता थोडे थोडे पीत जावे.

बरोबर साखर, मीठ आणि एक चमचा ठेवा. १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. जुलाब, उलटी झाली, पायात गोळे आले, तर हे पाणी घोट घोट द्यावे. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो.

ऊन लागल्याची खूण ओळखायला शिका. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. तिथेच थांबा, सावलीत बसवा, पाणी पाजा. पण अंग तापले आहे, माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा शुद्ध हरपली आहे, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नका. लगेच १०८ नंबर फिरवा. सरकारी गाडी येते, पैसे पडत नाहीत. तिला ठिकाण सांगावे लागते. म्हणून प्रत्येक मुक्कामाच्या गावाचे नाव वहीत असू द्या.

शिदोरीचे बायकांना आम्ही काय शिकवणार! दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे. दशमीसुद्धा उन्हात फार दिवस टिकत नाही, आधी ती संपवावी. मग खिचडी आहेच. चूल मात्र झाडाच्या पाल्यापासून आणि शेतातल्या वाळक्या काडापासून लांब मांडा. निघताना निखाऱ्यावर पाणी ओता.

धुळे ते मालेगाव हा मुंबई-आग्रा महामार्ग आहे. तिथे ट्रक धडधडत जातात. समोरची गाडी दिसेल अशा बाजूने, डांबर सोडून, एकामागे एक चाला. अंधारात पांढरे कपडे घाला, पुढच्याच्या आणि मागच्याच्या हातात बॅटरी द्या. रस्त्याच्या कडेला झोपू नका. देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर, गावकऱ्यांना विचारून पथारी टाका. सकाळी चपला झटकून घाला, आत विंचू असू शकतो. अनवाणी चालण्याचा नवस असला तरी चपला पिशवीत असू द्या. दुपारचे डांबर पायाला फोड आणते.

मुलाच्या खिशात चिठ्ठी हवी. तिच्यावर नाव, गाव, बापाचा फोन नंबर. ती तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा. म्हातारी माणसे आणि गरोदर बाई यांनी पायी येऊ नये. त्यांना एस.टी.ने नांदुरीला बोलवा, तिथे भेटा. येताना सगळ्यांनीच एस.टी. धरावी. यात्रेत जादा गाड्या सोडतात. तिकिटाचे पैसे निघतानाच वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा.