परभणीचा कौल

(परभणी लोकसभा मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास या पाठात थोडक्यात सांगितला आहे. मतदार यादीतील एका नावाचे आणि एका मताचे मोल किती असते, हे या पाठातून लक्षात येते.)



पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की वाटेत चुडावा हे लहानसे स्थानक लागते. चुडावा हे परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्याचे गाव. येथून परभणीपेक्षा नांदेड जवळ आहे. पण लोकसभेच्या निवडणुकीत चुडाव्याचे मत नांदेडला जात नाही. ते परभणीला जाते. असे का बरे?

लोकसभेत लोकांनी निवडून दिलेले ५४३ खासदार बसतात. त्यासाठी देशाचे तेवढेच भाग पाडले आहेत. अशा एका भागाला मतदारसंघ म्हणतात. महाराष्ट्रात असे ४८ मतदारसंघ आहेत. परभणी हा त्यांपैकी एक. त्यात परभणी जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड व पाथरी आणि जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. पूर्णा तालुका गंगाखेडला जोडलेला आहे. म्हणून चुडाव्याचे मत परभणीला जाते. मतदारसंघाच्या या सीमा कायमच्या नसतात. लोकसंख्या बदलली, की त्या पुन्हा आखल्या जातात. सध्याच्या सीमा २००९ च्या निवडणुकीपासून लागू झाल्या.

पुढे जाण्यापूर्वी काही शब्द पाहा : उमेदवार, हक्क, जाहीर, जिल्हा, शाई. हे शब्द तुम्हांला परके वाटतात का? नाही ना? हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. काहींचा अर्थ मात्र थोडा बदलला. लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकाला तुम्ही ‘कायदा’ म्हणता. मराठीत ‘कायदा’ म्हणजे कानून. तुमच्याकडे ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द. मराठीत ‘कौल’ म्हणजे लोकांनी दिलेला निर्णय. या पाठाचे नाव त्यावरूनच ठेवले आहे.

आता थोडे मागे जाऊ. परभणीचा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांतच, १९५१-५२ साली, स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. गरीब असो की श्रीमंत, स्त्री असो की पुरुष, एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एक मत मिळाले. राजाच्या राज्यात ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांना आता राज्य कोणी चालवावे, हे विचारले जात होते!

पण अडचण मोठी होती. त्या वेळी देशात शंभरांपैकी सुमारे अठरा जणांनाच लिहिता-वाचता येत होते. मग उमेदवाराचे नाव वाचणार कसे? म्हणून चिन्हांची युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. अक्षर ओळखत नसलेल्या माणसालाही आपले मत देता आले.

दुसरी अडचण याहून अवघड होती. मतदार याद्या तयार करणारे लोक घरोघरी गेले, तेव्हा अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्या सांगत. परक्या माणसाला नाव सांगायचे नाही, अशी रीत होती. सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. नावाशिवाय नोंद करायची नाही, असे ठरले. त्यामुळे देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांतील बहुतेक उत्तर व मध्य भारतातील होत्या. मत देण्याचा हक्क त्यांना होता. पण यादीत नाव नव्हते, म्हणून तो हक्क त्यांच्या हाती आला नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

त्या पहिल्या निवडणुकीत परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे नागोराव पांगारकर विजयी झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. पुढे १९६२, १९६७ आणि १९७१ या तिन्ही निवडणुकांत काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख निवडून आले.

१९७५ ते १९७७ या काळात देशात आणीबाणी होती. ती उठण्याच्या सुमारास, मार्च १९७७ मध्ये, निवडणूक झाली. या वेळी परभणीने कौल बदलला. शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख खासदार झाले. १९८० साली लोकांनी पुन्हा काँग्रेसला मते दिली. १९८० आणि १९८४ या दोन्ही वेळा रामराव यादव निवडून आले.

१९८९ ची निवडणूक तरुणांसाठी महत्त्वाची होती. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा करण्यात आले होते. त्या वर्षी अठरा, एकोणीस आणि वीस वर्षांच्या तरुणांनी लोकसभेसाठी प्रथमच मतदान केले. परभणीतून अशोकराव देशमुख अपक्ष म्हणून निवडून आले. १९९१ साली तेच शिवसेनेकडून विजयी झाले. १९९६ साली शिवसेनेचे सुरेश जाधव खासदार झाले. १९९८ साली मात्र काँग्रेसचे सुरेश वरपूडकर जिंकले.

याच ठिकाणी एका मताची गोष्ट येते. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवर मतदान झाले. सरकारच्या बाजूने २६९ मते पडली आणि विरुद्ध २७०. फक्त एका मताने सरकार पडले! लोकसभा विसर्जित झाली. १९९८ साली निवडलेल्या खासदारांची मुदत दीड वर्षाच्या आतच संपली आणि सगळ्या देशाला पुन्हा मतदान करावे लागले. परभणीत त्या वेळी सुरेश जाधव पुन्हा विजयी झाले. एका मताने काय होते, असे कोणी म्हटले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

पुढे २००४ साली तुकाराम रेंगे पाटील आणि २००९ साली गणेशराव दुधगावकर हे शिवसेनेचे उमेदवार निवडून आले. २००४ पासून मतपत्रिकेची जागा सगळीकडे मतदान यंत्राने घेतली. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुका संजय जाधव यांनी जिंकल्या. २०१९ नंतर शिवसेनेत फूट पडली. त्यामुळे आधी धनुष्यबाण या चिन्हावर लढलेले हेच उमेदवार २०२४ मध्ये शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या मशाल या चिन्हावर उभे राहिले. राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर त्यांच्या विरोधात होते. उमेदवार तोच आणि चिन्ह नवे. तरी मतदारांनी यंत्रावर आपले बटन अचूक शोधले. पेट्यांवरची चिन्हे ओळखणाऱ्या आजी-आजोबांची ही नातवंडे होती ना!

१९५२ ते २०२४ या काळात परभणीने अठरा वेळा कौल दिला. अकरा जण खासदार झाले. कोणाला तीनदा संधी मिळाली, कोणाला एकदाच. कोणी हरले आणि पुन्हा जिंकले. खासदार बदलला, तो तलवारीने नव्हे. बोटाला शाई लावून बदलला. हेच लोकशाहीचे बळ आहे.

मुलींनो, या अकरा नावांकडे पुन्हा एकदा पाहा. त्यांत एकही स्त्री नाही. २०२३ साली संसदेने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचा कायदा मंजूर केला. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर या जागा राखीव होतील, अशी त्यात तरतूद आहे. तेव्हा बारावे नाव एखाद्या मुलीचे असू शकेल. ती चुडाव्याच्या शाळेत शिकलेली असली, तर किती आनंद होईल!

पण त्याआधी एक काम आहे. वय अठरा झाले, की नाव आपोआप यादीत येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला ‘नमुना ६’ म्हणतात. सतरा वर्षे पूर्ण झाली, की हा अर्ज आधीच भरून ठेवता येतो. अर्जात आपले नाव आणि जन्मतारीख बिनचूक लिहा. घरातील आई, आजी, वहिनी यांची नावे यादीत आहेत का, तेही पाहा. नसतील, तर त्यांचा अर्ज भरायला मदत करा. त्या २८ लाख स्त्रियांची नावे राहून गेली. तुमच्या घरातील एकही नाव राहू देऊ नका.

शब्दार्थ

मोल – किंमत
मुलूख – प्रदेश
सार्वत्रिक – सर्व ठिकाणी होणारी
अपक्ष – कोणत्याही पक्षाचा नसलेला
विसर्जित होणे – मुदतीआधी बरखास्त होणे
बिनचूक – चूक नसलेले
वगळणे – काढून टाकणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) परभणीचे पहिले खासदार कोण होते?
(आ) १९८९ पूर्वी मतदानाचे वय किती होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पहिल्या निवडणुकीत पेट्यांवर चिन्हे लावली.
(आ) १९९९ साली पुन्हा मतदान करावे लागले.

प्र. ३. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या पहिल्या मतदानाची आठवण विचारा. ती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.