टोपलीतला चेंडू

मुरुड-श्रीवर्धनच्या पुळणीवर तुम्ही क्रिकेट आणि कबड्डी खेळता. बास्केटबॉल मात्र तेथे जमत नाही. या खेळात चेंडू हातात धरून धावता येत नाही. तो टप्पे देत न्यावा लागतो. वाळूत चेंडू उसळत नाही. पण शाळेच्या टणक अंगणात तो उसळेल!

मुंबईच्या नागपाडा भागात दाट वस्ती आहे. तेथील नेबरहूड हाऊसमध्ये अब्बास मुंतसिर हा खेळ शिकले. पुढे ते भारतीय संघाचे कर्णधार झाले. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

तुम्हीही शिकू शकता. एका वेळी एकाच हाताने टप्पे द्या. नजर चेंडूवर नको, सोबत्यांवर ठेवा. टोपली ३.०५ मीटर उंच असते. नेम धरताना गुडघे वाकवा. जोर पायांतून येतो, दिशा मनगट देते. उंची आपल्या हाती नाही, सराव आहे. संघात पाच जण खेळतात. म्हणून वेळेवर चेंडू सोबत्याला देणारा हाही मोठा खेळाडूच!

शब्दार्थ : पुळण – समुद्रकाठची वाळू, नेम – निशाणा, सराव – मश्क.

स्वाध्याय : १. वाळूत बास्केटबॉल का जमत नाही? २. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही?