सकाळी गाडी उशिरा घेते? पंप बदलण्याआधी चावी तीनदा फिरवा

व्हिडिओत तपासणीचा क्रम जरा घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितो.

"भाऊ, सकायी गाडी लवकर घेतच नाई." जुनी मारुती 800, ओम्नी नाहीतर सँट्रो घेऊन येणारा माणूस हेच बोलतो. आणि नवीन गॅरेजवाला लगेच म्हणतो, "पंप गेला." मी पण म्हणायचो. पहिल्याच वर्षी एकाचा पंप बदलला, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच. दोष निघाला इंजेक्टरमध्ये. पंपाचे पैसे मला सोसावे लागले, वरून तो ज्या चार ओळखीच्या गाड्या आणायचा, त्या पण गेल्या.

म्हणून आधी कान द्या. सेल्फ मारल्यावर इंजिन जड, हळू फिरतं की जोरात फिरतं पण पकडत नाही? हळू फिरत असेल तर पेट्रोलकडे जाऊच नका. मल्टिमीटर लावा. चार्ज बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते; सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर बघा. आपल्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात बॅटऱ्या लवकर मरतात.

जोरात फिरूनही पकडत नसेल आणि गाडी एमपीएफआय असेल, तर ही फुकटची टेस्ट करा. रात्रभर उभी असलेली गाडी हवी. गिऱ्हाइकाला सांगा, संध्याकाळीच सोडून जा. सकाळी चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. टाकीतून दोन सेकंद बारीक "घूंऽ" असा आवाज येईल. ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी चटकन सुरू झाली, तर पंप प्रेशर बनवतोय, पण ते रात्रभर टिकत नाही. मग संशय पंपातल्या चेक व्हॉल्व्हवर, प्रेशर रेग्युलेटरवर. आवाजच आला नाही तर पंप खोलण्याआधी फ्यूज आणि रिले बघा.

सुरू होताना काळा धूर, पेट्रोलचा वास? मग उलटं आहे, पेट्रोल जास्त जातंय. सेल्फ न मारता प्लग काढा. एकच प्लग ओला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय. माझ्या त्या गाडीत हेच होतं, पाच मिनिटांत कळलं असतं!

कार्बोरेटरची 800 वेगळी. तिचा पंप इंजिनवर चालतो, चावी ऑन करून काही होत नाही. गाडी चार-पाच दिवस उन्हात उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडतं, ते भरेपर्यंत सेल्फ मारावाच लागतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा, फुकट पार्ट विकू नका. चोकची केबल मात्र ओढून बघा.

गाडी गावात ठीक पण मूर्तिजापूरच्या हायवेला दाबली की झटके देते, असं असेल तर फिल्टर चोक असू शकतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुने रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. बोटांनी दाबून बघा, नरम किंवा तडकलेला असेल तर बदला. एमपीएफआयच्या लाइनमध्ये प्रेशर असतं, त्यामुळे पाइप काढताना इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि बिडीवाला लांब!

आता धंद्याचं. या सगळ्या तपासणीचे मी 300 रुपये घेतो, काम माझ्याकडेच केलं तर बिलातून वजा. सुरुवातीला लोक कुरकुरले, "नुसतं पाहाचे पैसे?" मग मी व्होल्टचे आकडे आणि ओला प्लग जॉबकार्डवर लिहून द्यायला लागलो. लिहिलेला कागद हातात पडला की भाव करणारे कमी झाले. जॉबकार्डचा माझा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो, प्रेशर गेज जोडायची पद्धत पण त्यातच.