एका कोटामुळे उघडकीस आलेली अडचण

संकेतस्थळ पडद्यावर उघडून दाखविणारी प्रणाली म्हणजे ब्राउझर. ब्राउझर कोणत्याही कंपनीचा असो, संकेतस्थळ त्यात सारखेच चालावे, ही रास्त अपेक्षा होय. दक्षिण कोरियात दीर्घकाळ तसे घडले नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेने भक्कम सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. तेव्हा कोरियाने ‘सीड’ ही १२८ बिटांची स्वतःची पद्धती विकसित केली. ब्राउझरमध्ये तिची सोय नसल्याने मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्हएक्स’ या पूरक प्रणालीचा आधार घेण्यात आला. ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालत असे. परिणामी बँकेचे व्यवहार, खरेदी, सरकारी अर्ज या साऱ्यांसाठी तोच ब्राउझर जणू अनिवार्य ठरला. हेतू स्वावलंबनाचा, फळ मात्र परावलंबनाचे! शिवाय, पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक सूचनेस डोळे झाकून होकार देण्याची सवय नागरिकांस जडली. सुरक्षिततेसाठी योजलेल्या उपायातून असा नवाच धोका उद्भवला.

मार्च २०१४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी या प्रश्नास जाहीर वाचा फोडली. एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना हवा होता. परंतु कोरियन संकेतस्थळांवरून तो त्यांना घेता येईना. त्याच वर्षी खरेदीसाठी अधिकृत प्रमाणपत्राची सक्ती दूर झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्या प्रमाणपत्राचा विशेष कायदेशीर दर्जाही संपुष्टात आला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला.

दरम्यान अनेक संकेतस्थळांनी ‘ॲक्टिव्हएक्स’ काढले खरे. पण त्याऐवजी ग्राहकांस वेगळ्या सुरक्षा-प्रणाली संगणकावर उतरवून घ्यावयास लावल्या.