फोटो हरवला नाही, पत्ता चुकला!
(संगणक शिकूया)



मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात माल आणणाऱ्या आपल्या गटांचं दरपत्रक मी मागच्या महिन्यात करत होते. सोडे, जवळा, बोंबील अशा पाकिटांचे चाळीस फोटो होते. ते लहान करायला मी एक स्क्रिप्ट वापरली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामं: या फोल्डरमधला एकेक फोटो उघड, लहान कर, त्या फोल्डरमध्ये ठेव.

माझ्या लॅपटॉपवर ती छान चालली. ऑफिसच्या संगणकावर मात्र 'फाइल नॉट फाउंड' असं आलं. शेजारी बसलेल्या ताई घाबरल्या. "फोटो गेले का गं? माल तर विकला, आता कशाचे काढू?"

फोटो कुठेही गेले नव्हते. स्क्रिप्टमध्ये माझ्या लॅपटॉपचा पत्ता लिहिलेला होता, तो ऑफिसच्या संगणकावर कसा सापडणार? पोस्टमनला चुकीचा पत्ता दिला तर घर नाहीसं होत नाही, पत्र परत येतं. तसंच हे.

'फाइल नॉट फाउंड' आलं तर

१. पत्ता पाहा. शिफ्ट दाबून धरा, फोटोवर उजवं क्लिक करा आणि 'कॉपी अॅज पाथ' निवडा. हा खरा पत्ता स्क्रिप्टमधल्या पत्त्याशी ताडून पाहा. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर पत्त्यात 'वनड्राइव्ह' हा शब्द वाढतो. पेनड्राइव्हचं अक्षरही बदलतं, आज 'ई' तर उद्या 'एफ'.

२. नावाचं शेपूट पाहा. विंडोज ते सहसा लपवून ठेवतं. स्क्रिप्ट 'जेपीजी' शोधते आणि फोटो 'पीएनजी' किंवा आयफोनचा 'एचईआयसी' असतो.

३. झिप फाइल आधी पूर्ण उघडा. म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा, मगच स्क्रिप्ट चालवा.

४. फोटोशेजारी ढगाचं चित्र दिसतंय? मग तो फोटो इंटरनेटवर आहे, संगणकात उतरलेला नाही. उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि उतरेपर्यंत थांबा.

'परमिशन डिनाइड' आलं तर

इथे पत्ता बरोबर असू शकतो, पण दाराला कुलूप आहे. फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा असेल तर बंद करा. फोल्डर दुसऱ्याच्या लॉगिनमधला असेल तर तिथे आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून फोटो आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करा. अँटिव्हायरस अडवत असेल तर तो बंद करू नका. त्याच संगणकात आपल्या गटांचे हिशेब आणि आधार कार्डांच्या प्रती असतात. संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारून फक्त त्या एका कामाला परवानगी द्या.

सगळ्यात महत्त्वाचं

दोन फोल्डर ठेवा, 'मूळ' आणि 'लहान'. स्क्रिप्टने 'मूळ'मधून फक्त वाचायचं आणि 'लहान'मध्ये लिहायचं. दोन्ही एकच ठेवलं तर लहान फोटो मोठ्यावर बसतो आणि मूळ फोटो खरंच जातो. आधी दोनच फोटोंवर चालवून पाहा, मग चाळीसवर.

आमचं दरपत्रक त्याच संध्याकाळी तयार झालं. बदलली होती ती पत्त्याची एक ओळ.

ताईंनो, पडद्यावर इंग्रजीत काही आलं की आपण पटकन 'ओके' दाबतो. तसं करू नका. आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. तोच संदेश आपल्याला नेमकं काय अडलंय ते सांगत असतो. सगळ्या मिळून वाचू.