शाळेनें दिलेला लॅपटॉप व त्याची निगा

गेल्या वर्षीं नववी-दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांस अभ्यासाकरितां शाळेचे लॅपटॉप घरीं नेण्यास दिले, तेव्हां आम्हांस धास्ती होती ती मोडतोडीची. वर्ष सरलें, यंत्रें परत आलीं, आणि पाहतों तों प्रकार निराळाच. पडून फुटलेलीं यंत्रें थोडीं; न वापरल्यामुळें बिघडलेलीं अधिक. हमीपत्रावर सही केलेली, नुकसान झाल्यास भरून कोठून द्यावें ही चिंता. म्हणून कित्येक पालकांनीं तीं दागिन्यांप्रमाणें पेटींत कुलूप लावून ठेविलीं होतीं. एका मातोश्रींनीं मोठ्या समाधानानें सांगितलें, "सर, पोरीला हातही लावूं दिला नाहीं!" त्या यंत्राची बॅटरी पार निकामी झाली होती, आणि पोरीचें वर्षही त्यावांचूनच गेलें होतें.

त्या माउलीस आम्हीं काय म्हणून बोलावें? हाच प्रमाद आमच्या हातूनही घडलेला आहे. एका उन्हाळ्याच्या सुटींत आमचा स्वतःचा लॅपटॉप, वापरून रिकामा झालेला, तसाच कपाटांत टाकून आम्ही परगांवीं गेलों. जूनमध्यें परत येऊन पाहतों तों त्यानें मान टाकलेली. नवी बॅटरी घालण्यावांचून इलाज नाहीं, असें दुरुस्ती करणाऱ्यानें सांगितलें. तेव्हां आरंभ बॅटरीपासूनच करूं.

लिथियम-आयन जातीची ही बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणिली, आणि तिच्या विकासाबद्दल २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिघां शास्त्रज्ञांस मिळालें. यंत्र बंद असलें तरी तिच्यांतील वीज थोडथोडी झिरपत असते. ती अगदीं तळास गेली व तशीच महिनोन्महिने राहिली, तर आंतील रचना कायमची बिघडते व पुढें ती वीज घेतच नाहीं. उलटपक्षीं, शंभर टक्के भरून उष्ण जागीं ठेवणें हेंही तिला बाधतें. ४० अंश उष्णतेंत पूर्ण भरलेली बॅटरी वर्षभर पडून राहिल्यास तिची सुमारें एकतृतीयांश शक्ति जाते. निम्मीच भरलेली असेल तर हानि त्याहून पुष्कळ कमी होते. म्हणून सुटींत ठेवावयाचीच असेल तर ती निम्मी भरावी, यंत्र नीट बंद करावें, आणि महिन्यांतून एकदां बाहेर काढून पाहावें. रोजच्या वापरांत ती २० टक्क्यांच्या खालीं जाऊं देऊं नये, व ८० च्या आसपास पोहोंचली कीं चार्जर काढावा. हा नियम काट्यावर तोलून पाळलाच पाहिजे असें नाहीं, पण संवय चांगली.

आतां ४० अंश हा आंकडा थंड देशांतील वाचकास पुस्तकी वाटेल. आमच्या भंडारा जिल्ह्यांत वैशाखाच्या सुमारास पारा ४५ च्या जवळ चढतो, आणि नवतप्यांत शहापुरांतल्या पत्र्याच्या घरांत दुपारीं काय होतें, तें मुलांस सांगावयास नको. बहुतेक कारखानदार तर आपलें यंत्र ३५ अंशांपर्यंतच्याच हवेंत वापरावें असें बजावतात. म्हणून उन्हाळ्यांत अभ्यास सकाळीं करावा. यंत्र पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा स्कूटरच्या डिकींत ठेवूं नये. दुसरें संकट आमच्या विदर्भाच्या घरचेंच, तें म्हणजे कूलर. त्याचा वारा गार खरा, पण ओला. ताटींतून उडालेले तुषार कळफलकाच्या फटींतून आंत शिरतात. कूलर ज्या खोलींत आहे तेथें अवश्य बसावें, पण त्याच्या तोंडासमोर नव्हे.

येथें एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैराट या खेड्यांतील प्राथमिक शाळेंत मुलांस प्रत्येकीं एक असे हिरवे-पांढरे चिमुकले लॅपटॉप देण्यांत आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या अमेरिकन संस्थेनें ते मुद्दाम मुलांकरितां घडविले होते. कळफलक सलग रबराचा, म्हणजे धूळ-पाणी आंत जावयास फट नाहीं, आंत फिरणारी तबकडी नाहीं, म्हणजे आपटल्यास बिघडण्याचें भय कमी, उचलण्यास मूठ, पडदा भर उन्हांतही वाचतां येईल असा. शंभर डॉलरांत देण्याचा संकल्प मात्र सिद्धीस गेला नाहीं. किंमत दोनशेंच्या घरांत गेली. शाळेनें तुम्हांस दिलेलें यंत्र त्या जातीचें नव्हे. तें कचेरींतल्या मेजापाशीं बसणाऱ्या माणसाकरितां केलेलें आहे, आणि तुम्ही तें चटईवर, बाजेवर, धानाच्या पोत्यांशेजारीं बसून वापरतां. जी काळजी खैराटच्या यंत्रांत कारागिरानें घेतली, ती येथें तुम्हांसच घेतली पाहिजे.

तेव्हां गोधडीवर ठेवून काम करूं नये. खालच्या झरोक्यांतून यंत्र हवा घेतें, ते झांकले कीं आंतल्या आंत तापतें. खालीं एखादी पाटी किंवा पाट घ्यावा. पडद्यास धरून उचलूं नये. मिटण्यापूर्वीं कळफलकावर हात फिरवून पाहावा. विसरलेल्या एका पेन्सिलीनें पडदा तडकल्याचें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. डबा व लॅपटॉप एका दप्तरांत नेऊं नयेत, विशेषतः वरणाचा. पुसावयाचें तें बंद करून, किंचित् ओलसर मऊ फडक्यानें. आकाशांत गडगडूं लागलें कीं चार्जर भिंतीवरून काढावा. नुसती कळ बंद करून भागत नाहीं.

पाणी सांडलेंच तर प्रथम चार्जर काढावा, यंत्र तत्काळ बंद करावें, उघड्या पुस्तकासारखें पालथें घालून पाणी निथळूं द्यावें, व शाळेंत आणावें. "चालतें का पाहूं" म्हणून पुनः सुरू करूं नये. आमच्या या धानाच्या मुलुखांत भिजलेलें यंत्र तांदुळांत पुरण्याचा उपाय घरोघरीं ठाऊक आहे. तो सोडावा. तांदूळ आंतलें पाणी ओढून घेत नाहीं. उलट त्याची भुकटी व कणी आंत जाते. ॲपल कंपनीनें २०२४ सालीं आपल्या फोनांविषयीं हीच सूचना दिली. यंत्राचें पोट फुगलेलें दिसलें, तर तें मात्र क्षणभरही वापरूं नये, दाबूं नये, टोंचूं नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊं शकते.

गेल्या वर्षीं एका मुलाच्या यंत्राची बिजागरी सैल झाली होती. एक स्क्रू पिळला असता तर काम झालें असतें. पण दंड होईल, बाप रागावेल, या भयानें त्यानें तीन आठवडे कोणास सांगितलें नाहीं. तोंवर पडद्याकडे जाणारी तार तुटली, आणि पांच मिनिटांचें काम हजारों रुपयांवर गेलें. त्यास विचारलें तेव्हां तो रडूं लागला, आणि आमच्या लक्षांत आलें कीं हमीपत्र आम्हींच असें लिहिलें होतें कीं वाचणारानें भ्यावें. यंदाच्या हमीपत्रांत म्हणून एक ओळ नवी घातली आहे : वापरतांना झालेला बिघाड जो त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं येऊन सांगेल, त्यास दंड नाहीं. ती दुसऱ्या पानावर आहे. पालकांनीं सही करण्यापूर्वीं ती मुलास मोठ्यानें वाचून दाखवावी.