एल्फ, गंधर्व आणि माणूस : बळ कुणाचं जास्त?



आपल्या वाचनगटात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा विषय निघाला की एक वाद ठरलेला. एल्फ आणि माणूस समोरासमोर आले, तर अंगात बळ कुणाच्या जास्त? ज्यांनी सिनेमा आधी पाहिलाय ते एका सुरात 'एल्फ' म्हणतात. २००३ च्या चित्रपटात लेगोलस एकटा अख्खा अजस्र हत्ती लोळवतो, ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. पण हा प्रसंग पुस्तकात नाहीच! म्हणून आधी पुस्तकं उघडून बघू आणि मग आपल्याकडच्या गंधर्वांकडे येऊ.

बळ म्हणजे नेमकं काय?

तालमीत कुणी नुसतं 'हा बलवान' म्हणून थांबत नाही. वजन किती पेलतो, चपळ किती, दम किती टिकतो आणि मार किती सोसतो, हे वेगवेगळं बघतात. कथेतलं बळ मोजतानाही हेच चार प्रश्न घ्यावेत असं मला वाटतं.

वजन आणि चपळाई घ्या. कॅराड्रास डोंगरावर मंडळी बर्फात अडकतात. तेव्हा बोरोमिर आणि अॅरागॉर्न ही दोन माणसं छातीने बर्फ रेटत वाट फोडतात आणि छोट्या हॉबिटांना उचलून पलीकडे नेतात. लेगोलस काय करतो? हलक्या पावलांनी बर्फाच्या वरून पळत जातो आणि पुढची खबर घेऊन येतो. चपळाईत एल्फ जिंकला, पण ओझं माणसाने वाहिलं.

आता दम. पकडून नेलेल्या मित्रांच्या मागावर अॅरागॉर्न, लेगोलस आणि गिमली पायी धावतात. चौथा दिवस संपायच्या आत ४५ लीग, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर. आमच्या सोनकच्छच्या भाषेत सांगायचं, तर इंदूरहून निघून सोनकच्छवरून थेट भोपाळ गाठलं तरी अंतर उरेल. तिघेही तेवढंच धावले. पण लेगोलस चालता चालता, उघड्या डोळ्यांनी विश्रांती घेऊ शकतो. बाकी दोघांना आडवं व्हावंच लागतं. (अॅरागॉर्नच्या वंशात फार मागे एल्फांचं रक्त आहे, तेव्हा त्याला सर्वसाधारण माणूस धरू नये.)

'द सिल्मारिलियन' १९७७ साली, टोल्किनच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं. त्यात तर स्पष्टच म्हटलंय की आरंभीच्या काळात एल्फ आणि माणसं उंचीने आणि अंगबळाने सारखीच होती. एल्फ पुढे होते ते ज्ञानात, कौशल्यात, सौंदर्यात. खरा फरक चौथ्या प्रश्नात आहे. शस्त्राने एल्फही मरतो, पण त्याला रोग होत नाही आणि वय त्याला गाठत नाही. माणसाची जखम सहज भरत नाही आणि म्हातारपण ठरलेलं.

हा एकट्या टोल्किनचा विचार म्हणावा, तर पोल अँडरसनची 'द ब्रोकन सोर्ड' ही कादंबरी बघा, १९५४ ची. तिथल्या एल्फांना लोखंडाचा स्पर्श सोसत नाही. म्हणून ते माणसाचं मूल पळवून आणून वाढवतात. जे हत्यार त्यांना धरता येत नाही ते त्याने धरावं म्हणून!

आपले गंधर्व

एल्फला मराठीत काय म्हणायचं, यावरही आपल्यात एकमत नाही. 'परी' म्हटलं की पंख आणि जादूची कांडी आठवते. 'गंधर्व' मला जवळचा वाटतो. पण यात एक गोम आहे. मराठीत पहिलवानाला आपण 'केसरी' करतो, म्हणजे सिंह. 'गंधर्व' मात्र गवयाला म्हणतो. त्यामुळे गंधर्व म्हटलं की आपल्याला गळा आठवतो, मनगट नाही.

महाभारतातला गंधर्व तसा नाही. शंतनूचा मुलगा चित्रांगद त्याच नावाच्या गंधर्वाशी कुरुक्षेत्रावर तीन वर्षं लढतो आणि मारला जातो. आदिपर्वात अंगारपर्ण गंधर्व रात्री गंगाकाठी पांडवांना अडवतो. रात्री गंधर्वांचं बळ वाढतं, तरी अर्जुन अस्त्राने त्याचा रथ जाळून त्याला धरतो. वनपर्वात चित्रसेन गंधर्व दुर्योधनाला जिवंत पकडतो, कर्णाला रण सोडावं लागतं आणि शेवटी पांडवच दुर्योधनाला सोडवून आणतात. म्हणजे हिशोब बघा: कधी गंधर्व, कधी माणूस. एकतर्फी काहीच नाही.

मग फरक कुठे?

माझ्या मते 'बळ किती' यापेक्षा 'बळ खर्च होतं का' हा प्रश्न मोठा आहे. एल्फ धावला तर त्याच्या आयुष्यातून काही वजा होत नाही. माणूस प्रत्येक वेळी मोजक्या शिलकीतून देतो. बर्फ रेटणारा बोरोमिर म्हणूनच आपल्याला जवळचा वाटतो. आणि गंमत म्हणजे टोल्किनच्या जगात मरण ही माणसाला मिळालेली शिक्षा नाही, देणगी आहे.

याचा दाखला सोनकच्छपासून तीसेक किलोमीटरवर, देवासला आहे. शिवपुत्र कोमकली नावाच्या मुलाला लहानपणीच 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. १९४८ साली ते क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं. एक फुप्फुस निकामी झालं. त्यानंतर ते पुन्हा गायला बसले आणि १९९२ साली जाईपर्यंत देवासलाच राहून गात राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकलेली माळव्याची लोकगीतं त्यांच्या गाण्यात आली, हेही आपल्याला ठाऊक आहे. नाव गंधर्वाचं, पण दम माणसाचा, तोही अर्धा. कथेतल्या गंधर्वाला असा श्वास कधी मोजावा लागत नाही. ज्याला तो मोजावा लागला, त्याच्या गाण्याला मी बळ म्हणेन.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक अद्भुतकथा निवडावी. तिच्यातल्या एका अमानवी पात्राला आणि एका माणसाला हे पाच प्रश्न लावून बघावेत: वजन, चपळाई, दम, मार आणि शेवटी खर्च. पहिल्या चारांत माणूस हरला तरी हरकत नाही. पाचव्याचं उत्तर मात्र पुस्तकातल्या प्रसंगासह लिहून आणा, सिनेमा आठवून नको!